कीटक निरीक्षण संच: डबी आणि जाळी घ्या, बाकीचं राहू द्या

धाराशिव जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. दुसरी आणि तिसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. मागच्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर वर्गासाठी कीटक निरीक्षणाचा संच ऑनलाइन मागवला. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याबद्दल बोलले आणि तेव्हापासून ‘मॅडम, घ्यावा का? पैसे वसूल होतात का?’ असे फोन सुरू आहेत. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर मिळावं म्हणून हे लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. असे संच आता वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि खोक्यातला माल बहुतेक सारखाच असतो.

खोक्यात आलं ते असं: झाकणात भिंग बसवलेल्या सहा पारदर्शक डब्या, घडी होणारा जाळीचा पिंजरा, चार हातभिंगं, प्लॅस्टिकचे दोन चिमटे, चित्रांची कार्डं आणि गुळगुळीत कागदाची एक इंग्रजी पुस्तिका. किंमत बाराशेच्या आत. निम्मे पैसे शालेय व्यवस्थापन समितीने दिले, निम्मे मी घातले.

डबीपासून सुरुवात करते, कारण या संचात खरी किंमत तिचीच आहे. मुठीत मावेल एवढी, तळाला पाच मिलिमीटरच्या चौकटी छापलेल्या. झाकणाला दोन भिंगं. एक पक्कं बसवलेलं, दुसरं बिजागरीवर फिरणारं. एकाने दुप्पट दिसतं, दोन्ही मिळून चौपट. चौपट म्हणजे फार नाही हे मला माहीत आहे. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेल्या फोल्डस्कोप या घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकातून १४० पट दिसतं, आणि मोठ्या मुलांच्या हातात तो द्यावाच. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला मुंगळ्याच्या पायावरचे केस दिसण्याआधी मुंगळ्याला पाय कुठून फुटलेत हे दिसायला हवं. त्याला चौपट पुरतं.

हातभिंगापेक्षा डबी कितीतरी सरस का, ते वर्गात दोन्ही दिल्यावर लगेच कळलं. हातभिंग डोळ्याजवळ धरायचं, एक डोळा मिटायचा, वस्तू पुढेमागे करत नेमकं अंतर साधायचं आणि तेवढ्यात किडा पळून जाऊ द्यायचा नाही, एवढं सगळं दुसरीतल्या पोराला एकदम जमत नाही. ते भिंगातून एकमेकांचे दात बघत बसतात. डबीत अंतर ठरलेलं असतं, दोन्ही डोळे उघडे राहतात, किडा पळत नाही, आणि मुख्य म्हणजे डबी जमिनीवर ठेवली की मुलाचे हात मोकळे होतात. मोकळ्या हातात पेन्सिल देता येते. चित्र काढायला लागलं की मूल खरं बघायला लागतं. ‘सहा पाय’ असं तोंडपाठ म्हणणारी मुलगी चित्र काढताना अडते, कारण आता तिला ठरवावं लागतं की हे पाय पोटाला जोडू, की डोकं आणि पोट यांच्या मधल्या भागाला. मग ती परत डबीत बघते. संच घेताना मला हवं होतं ते हेच.

पहिले पाहुणे आले ते मृगाचे किडे. आमच्याकडे मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. त्या सुमारास चांगला पाऊस झाला की बांधावरच्या ओल्या मातीवर लालभडक मखमली किडे फिरायला लागतात. पोरांनी ते आधी कित्येकदा तळहातावर घेतलेले, पण डबीत कधी बघितलेले नव्हते. तिसरीतली एक पोरगी बराच वेळ बघून म्हणाली, “बाई, किड्याला सहा पाय असतात ना? ह्याला आठ हायेत.” शेजारचा लगेच म्हणाला, “पुढच्या दोन मिशा हायेत, त्या मोजू नको.” आता याचं उत्तर मला माहीत होतं, पण मी दिलं नाही. दुसऱ्या डबीत एक मुंगळा ठेवला आणि दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या.

मुंगळ्याच्या मिशा डोक्यातून निघतात, मध्ये कोपरासारख्या वाकतात, आणि अंगाचा भार त्यांच्यावर कधी पडत नाही. मृगाचा किडा पुढचे दोन पाय उचलून चाचपतो खरा, पण चालताना तेच खाली टेकवतो. हे मुलांनी स्वतः शोधलं. चाचपण्याचं काम करतात म्हणून मिशा म्हणायच्या, की चालण्याचं करतात म्हणून पाय, यावर वर्गात बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी पायांच्या बाजूने निकाल लागला. मग मी एवढंच सांगितलं, की आठ पायांचे आणखी कोण आहेत ते शोधून आणा. कोळी लगेच सापडला. विंचू कुणी आणू नये म्हणून तो मीच फळ्यावर काढला. आणि एका मुलाने दुसऱ्या दिवशी म्हशीच्या कानामागची गोचीड काड्यापेटीत घालून आणली. ती मी डबीबाहेर काढू दिली नाही, पण मोजून झाली. आठ! मृगाचा किडा गोचिडीचा नातेवाईक निघाला याचं वर्गाला जे आश्चर्य वाटलं, ते मी नुसतं सांगून कधीच वाटलं नसतं.

आता जाळीचा पिंजरा. हातभर उंच, गोल, मऊ जाळीचा, चेन लावून उघडणारा. डबी घटकाभर बघण्यासाठी, तर हा पिंजरा आठवडे चालणाऱ्या गोष्टीसाठी. शाळेच्या हापशाजवळ कढीपत्त्याचं झाड आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाळी फुलपाखरू एकेक सुटं अंडं घालतं, फिकट पिवळं, मोहरीपेक्षाही लहान. आम्ही अंड्यांसकट दोन डहाळ्या पाण्याच्या बाटलीत उभ्या करून जाळीत ठेवल्या. बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. पुस्तिकेत हे नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

अंड्यातून निघालेली अळी काळपट असते. थोडी मोठी झाली की अंगावर पांढरे डाग येतात आणि ती हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते. शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते. रोज सकाळी परिपाठ संपला की दोघा मुलांची पाळी: एका अळीला पानासकट डबीत ठेवायचं, तळाच्या चौकटींवर लांबी मोजायची, वहीत लिहायची आणि परत जाळीत सोडायची. सुरुवातीला अळी एका चौकटीतही भरत नव्हती, दोन-तीन आठवड्यांत आठ चौकटींच्या पुढे गेली. एका चौकटीचे पाच मिलिमीटर, तर आठ चौकटींचे किती, हे गणित मला वेगळं शिकवावं लागलं नाही. पाचचा पाढा अळीवरच झाला. भिंतीवर आम्ही रोजच्या लांबीएवढ्या कागदी पट्ट्या ओळीने चिकटवल्या. त्यात काही दिवस पट्टी वाढलेलीच नाही हे दुसरीतल्या एकाने दाखवलं. त्या दिवसांत अळी खातही नव्हती. कात टाकायच्या आधी अळी अशीच गप्प बसून राहते, हे मग जाळीत टाकलेली कात सापडल्यावर जुळलं.

इथेच पायांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी जास्त जोरात. अळीला मोजले तर पाय भरतात सोळा. मग हिचं फुलपाखरू झाल्यावर दहा पाय जातात कुठे? भिंगातून बघितलं की पुढचे सहा टोकदार आणि सांध्यांचे दिसतात, आणि मागचे दहा मांसल, गुबगुबीत, डहाळीला घट्ट धरून बसणारे. खरे पाय ते पुढचे सहाच, मागचे नुसते आधाराला आणि फक्त अळीपणापुरते. हे मी सांगितलं, पण तोवर “पुढचे येगळे दिसतेत बाई” हे मुलांकडून आलेलं होतं. रंगाच्या ब्रशने अळीच्या पाठीला हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. हे एकदाच केलं. सारखं करायला मी मनाई केली. तो तिचा बचाव आहे आणि उगीच तिला भेदरवायचं नाही, हे मुलांना पटलं.

कोषांबद्दल थोडं. हिरव्या डहाळीवर झालेला कोष हिरवा निघाला आणि जाळीच्या काठीवर झालेला तपकिरी. एकाच आईची लेकरं, मग असं का, हा प्रश्न मुलांनी विचारला आणि उत्तरही साधारण त्यांनीच काढलं. पण दोन कोषांचं वेगळंच झालं. एकातून फुलपाखरू आलं, पंख ओले आणि चुरगळलेले. त्याने खाली लालसर थेंब टाकले. “बाई, रगत!” म्हणून दोघी-तिघी रडवेल्या झाल्या. ते रक्त नाही, कोषात असताना साठलेला टाकाऊ द्रव आहे, आणि पंख फुगून वाळले की ते उडेल, हे समजावलं. तासाभराने ते उडालंही. दुसरा कोष मात्र काळवंडत गेला आणि एके दिवशी त्याला बारीक भोक पडून त्यातून चिमुकल्या काळपट माश्यांसारखे जीव बाहेर पडले. परोपजीवी गांधीलमाश्यांचा प्रकार. वर्ग चिडला. एकाने त्या मारायला चप्पल उचलली.

त्या दिवशी ठरलेला पाठ मी बाजूला ठेवला. कुणाच्या घरी उसाला ट्रायकोकार्ड लावलंय, असं विचारलं. तीन हात वर झाले. त्या कार्डातून काय बाहेर येतं आणि ते काय करतं, हे त्यातल्या एकीला वडिलांकडून ठाऊक होतं: खोडकिड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालणारे बारीक जीव. तीच गोष्ट आपल्या शेतात झाली की चांगली आणि आपल्या जाळीत झाली की वाईट, हे कसं, यावर आठ वर्षांची मुलं जे बोलली ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. चप्पल खाली गेली. त्या बारक्या माश्या डबीत घालून बघितल्या आणि खिडकीतून सोडल्या.

पुस्तिकेबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती भाषेपुरती नाही. पानापानांवर मोनार्क फुलपाखरू, त्याच्या अळ्या ज्यावर वाढतात ते मिल्कवीड आणि उत्तर अमेरिकेतली हिरवळ. कार्डांवरचे निम्मे कीटक आमच्या मुलांना आयुष्यात दिसणार नाहीत. हे विकणाऱ्याने एकदा तरी आपल्या गावच्या बांधावरून फिरून यायला हवं होतं असं वाटतं. आपल्याकडे गावोगावी उकिरड्याशेजारी रुई उगवते, आणि रुई ही मिल्कवीडच्याच कुळातली. तिच्यावर वाढणारं नारिंगी फुलपाखरू, ज्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात, ते मोनार्कचं अगदी जवळचं भावंड. म्हणजे पुस्तिकेतलं प्रत्येक चित्र आमच्या शाळेच्या कुंपणावर हजर होतं. नुसती नावं आणि झाड बदललं असतं तरी काम झालं असतं. आम्ही रुईवरच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्याही वाढवल्या. त्यांचा कोष डोकं खाली करून लटकतो आणि लिंबाळीचा कोष कमरेला रेशमी धागा बांधून डोकं वर ठेवून टेकतो. दोन्ही एका जाळीत असले तर फरक सांगावा लागत नाही. फक्त रुईची पानं मोठ्यांनी तोडावीत. चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. चौथीच्या परिसर अभ्यासात फुलपाखराच्या अवस्था चित्रांत येतातच. आमची पोरं त्या धड्यापर्यंत पोचतील तेव्हा त्यांच्याकडे सांगायला बरंच असेल.

डब्यांचा सगळ्यात अनपेक्षित उपयोग झाला तो गोगलगायींसाठी. २०२२च्या खरिपात धाराशिव, लातूर, बीड या भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं साफ केली, पुन्हा पेरण्या कराव्या लागल्या. आमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी तो खर्च अजून आठवणीत आहे. त्यामुळे पावसाळ्यात मी गोगलगाय बघायचं म्हटलं तेव्हा एका पालकाने दारातच विचारलं, “बाई, ज्यानं आमचं रान खाल्लं ते पोरांना कौतुकानं दाखवायचं व्हय?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “दादा, कौतुकानं नाही, ती कधी बाहेर पडते आणि कुठं लपते ते पोरांनाच शोधू द्या.”

हातमोजे घालून मीच लहान गोगलगायी डबीत ठेवल्या. या जातीच्या चिकट स्रावात माणसाला घातक ठरणारे सूक्ष्म कृमी असू शकतात, म्हणून मुलांनी हात लावायचा नाही आणि नंतर डबी साबणाने धुवायची, हा नियम ठाम ठेवला. पारदर्शक तळ असल्याने डबी उचलून खालून बघता येतं, आणि गोगलगायीच्या पायावरून पुढे सरकत जाणाऱ्या लाटा दिसतात. हे दृश्य मी स्वतः पहिल्यांदाच पाहिलं. मग एका मोठ्या टबात एका बाजूला ओला गोणपाट आणि दुसऱ्या बाजूला कोरडी माती ठेवून वर झाकण घातलं. सकाळी सगळ्या गोणपाटाखाली. दिवसा उजेडात हलायला तयार नाहीत. कृषी विभाग शेतकऱ्यांना जे सांगतो, की संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट बांधावर टाका आणि सकाळी खालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात नष्ट करा, ते असं का सांगतो हे मुलांनी घरी जाऊन समजावलं. त्याच पालकांनी पुढे आपल्या शेतातल्या गोणपाटाखालचं चित्र मोबाइलवर दाखवायला आणलं. टबातल्या गोगलगायी मात्र आम्ही मोकळ्या सोडल्या नाहीत, त्यांच्या हवाली केल्या.

आता उणिवा, स्पष्टच. झाकणाची भिंगं प्लॅस्टिकची आहेत आणि आमच्या धुळीत लवकर चरे पडतात. ओढणीने पुसू नका. आधी पाण्याने धूळ धुऊन मगच मऊ सुती कापडाने टिपा. हवेची भोकं काळ्या मुंगळ्याला पुरेशी बारीक आहेत, पण लाल मुंग्या आरामात निसटतात. त्यासाठी झाकणाखाली मलमलीचा तुकडा लावावा लागतो. भिंग तळावरच्या गोष्टीसाठी जुळवलेलं असल्याने उंच डहाळी आत घातली तर अळी धूसर दिसते, पान आडवंच ठेवायचं. गोगलगाय किंवा गांडूळ ठेवलं की आतून दव धरतं, झाकण थोडा वेळ उघडावं लागतं. आणि डबी उन्हात अजिबात ठेवायची नाही. प्लॅस्टिकमध्ये उष्णता कोंडते आणि आतला जीव काही मिनिटांत मरतो. आमच्या वर्गात डब्या फक्त व्हरांड्यातल्या सावलीच्या बाजूला. चिमटे बिनकामाचे. मुलाच्या हातातल्या चिमट्याने किड्याचा पाय तुटतो. त्याऐवजी जाड कागदाची पट्टी आणि मऊ ब्रश, बस.

वर्गाचे नियम आम्ही भिंतीवर लावलेत, कारण डबी हातात आली की मुलं काहीही भरून आणतात. केसाळ सुरवंट नको, अंगाला खाज सुटते. हिंगे नकोत, त्यांच्या स्रावाने फोड येतात. मधमाशी, गांधीलमाशी, विंचू, गोम नाही. आणलेला जीव जिथून आणला तिथेच सुटीच्या आधी परत सोडायचा. जाळीतल्या अळ्या तेवढ्या अपवाद. पैसा किडा, गांडूळ, मुंगळा, नाकतोडा, ढालकिडा चालतो.

तर घ्यावा का? संच म्हणून नको. भिंगाच्या झाकणाची डबी सुटी मिळते, दीडशेच्या आसपास. चार मुलांत एक असा हिशेब धरा. जाळीचा पिंजरा एकच पुरतो, तोही सुटा मिळतो. दोन्हींना मी डोळे झाकून पाचपैकी पाच देईन, अख्ख्या संचाला तीन. पुस्तिका आणि कार्डांचे पैसे वाचवून एखादी कढीपत्त्याची किंवा लिंबाची रोपं कुंपणाशी लावा, पुढच्या पावसाळ्यात अंडी आपोआप येतील. डबी घेताना तळाला चौकटी छापलेल्या आहेत ना ते बघा, साध्या तळाची स्वस्त मिळते पण मोजमाप होत नाही. आणि पिंजरा वरून उघडणारा घेऊ नका, बाजूने चेन असलेला घ्या. बऱ्याच अळ्या कोष करायला छतालाच जातात, आणि वरची चेन ओढली की लागलेला कोष निखळून पडतो.